नवा बेस, १९ दिवस, चार तक्रारी: परत पाठवू की स्वतः खोलू?

डेपोतला बेस (चिपळूण)

नमस्कार मंडळी. मी एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक आहे आणि गेली नऊ वर्षं इथल्याच एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. आजपर्यंत वाजवला तो मालकांचा बेस. कार्यक्रम संपला की तो त्यांच्या टेम्पोत चढायचा आणि पुढच्या कार्यक्रमालाच हातात यायचा. घरी रियाजाला काही नाही. तोंडाने ओळी म्हणत आणि मांडीवर बोटं चालवत पाठांतर केलंय इतकी वर्षं.

यंदा पतपेढीतून कर्ज घेतलं आणि २४,५०० रुपयांचा चार तारांचा ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) बेस ऑनलाइन मागवला. २ जूनला खोका आला. उघडला तेव्हा शेजारी सात वर्षांची मुलगी बसली होती. तिने पहिल्यांदा ई तार, म्हणजे सगळ्यात जाड, छेडली आणि हात पोटावर ठेवून म्हणाली, "बाबा, इथं वाजलं." त्या रात्री झोप लागली नाही मला आनंदाने.

आता १९ दिवस झालेत आणि तक्रारी अशा आहेत:

जी या सगळ्यात बारीक तारेवर सातवा पडदा दाबला की सूर निघण्याऐवजी झर्रर्र असा आवाज येतो. सहावा स्वच्छ, आठवा स्वच्छ, नेमका सातवाच खराब. शेजारच्या डी तारेवर तिथेच थोडी झरझर आहे. ई आणि ए तारांना त्या जागी काही नाही.

दुसरं म्हणजे ई तार मोकळी वाजवली, किंवा पहिल्या तीन-चार पडद्यांवर वाजवली, की तार लोखंडावर घासल्यासारखी खडखडते. हे आल्या दिवशी नव्हतं. पाऊस लागल्यावर सुरू झालं.

तिसरं, गेल्या चार दिवसांत आवाज घोगरा झालाय. हळू वाजवलं तर चालतं, जोरात छेडलं की फाटतो.

चौथं, आम्ही ज्या हॉलमध्ये प्रॅक्टिस करतो तिथे मोठी घूं ऐकू येते. तारांना हात लावला की घूं कमी होते, हात काढला की परत येते. कोरसला गाताना तोंड माइकला लागलं की ओठाला चिमटा बसतो. घरच्या छोट्या ॲम्पवर घूं जवळजवळ नाही. माझ्या मते आतली अर्थिंगची वायर सुटली असणार.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं की परत घ्यायचे १० दिवस संपले, वॉरंटी वर्षाची आहे पण 'सेटअप', म्हणजे वाद्य वाजवण्याजोगं लावून देणं, त्यात येत नाही, आणि पाठवायचाच असेल तर मुंबईपर्यंतचं कुरिअर तुमच्या खर्चाने. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला भांडण नको, वाद्य नीट हवंय.

माझ्याकडे सोल्डर आहे, हत्यारं आहेत, हाताला सवय आहे. मागचं झाकण खोलून वायर जोडू का? वॉरंटी जाईल का? गणपतीत पाच कार्यक्रम घेतलेत.

सोल्डर आणि सूर (नाशिक)

भाऊ, तुमची बाकीची पोस्ट मी नंतर वाचली. ओठाला चिमटा बसतो हे वाचलं आणि तिथेच थांबलो. कृपा करून त्या हॉलमध्ये तो बेस हातात घेऊन माइकजवळ जाऊ नका. आजपासून. कारण सांगतो.

बेसच्या तारा लोखंडी, त्या घोडीवर टेकतात. घोडीखालून एक वायर आत जाते आणि केबलमधून ॲम्पच्या बॉडीला मिळते. म्हणजे तारेला लावलेला तुमचा हात हा ॲम्पच्या बॉडीला लावलेला हात आहे. माइकची जाळी तशीच मिक्सरच्या बॉडीला जोडलेली. दोन्हीकडचं अर्थिंग धड असेल तर दोन्ही एकाच पातळीवर असतात आणि तुम्हाला काहीही जाणवत नाही. पण ॲम्पच्या प्लगची मोठी पिन कुठे जोडलेलीच नसेल, तर त्याच्या बॉडीवर थोडा करंट चढून राहतो, आणि तुम्ही एक हात तारेवर, ओठ माइकवर असे मधला पूल होता. आज चिमटा बसतोय कारण गळती बारीक आहे. उद्या ॲम्पच्या आत एखादी मेन्सची वायर बॉडीला लागली तर तो चिमटा राहणार नाही. मी २२ वर्षं साउंडचं काम करतोय. मंडपात, पावसात, ओल्या गालिच्यावर उभं राहून वाजवणारी पोरं बघितलीत. या एका गोष्टीवर मी कुणाशी तडजोड करत नाही.

मल्टीमीटर असेलच तुमच्याकडे. एसी व्होल्टवर ठेवा, एक काडी बेसच्या तारेला, दुसरी माइकच्या जाळीला. स्वतःचा हात दोन्हीकडे लावू नका. आकडा शून्याच्या आसपास हवा. नंतर हॉलमधलं एक्स्टेन्शन बोर्ड उघडायला लावा, तिसऱ्या भोकाला वायर आहे का ते बघायचं. ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डवरून घ्या. हॉलवाल्यांना ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवायला सांगा, ती त्यांची जबाबदारी आहे. आणि घूं जावी म्हणून कुणी अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला दिला, तर त्या माणसाला परत मशिनला हात लावू देऊ नका.

आता तुमच्या बेसबद्दल. हात लावल्यावर घूं कमी होते ना? म्हणजे घोडीखालची वायर शाबूत आहे. ती तुटली असती तर तारेला हात लावून काहीच फरक पडला नसता. शिवाय तोच बेस घरी गप्प राहतो. तेव्हा झाकण खोलू नका, आत जोडण्यासारखं काही नाही.

घोगऱ्या आवाजाचं उत्तर बहुतेक ९ व्होल्टच्या बॅटरीत आहे. ॲक्टिव्ह बेसला वेगळं बटण नसतं, केबल खोचली की सर्किट चालू होतं. जॅक स्टिरिओ असतो, मोनो पिन आत गेली की बॅटरीची उणे बाजू जोडली जाते. रात्रभर केबल खोचून ठेवलीत तर रात्रभर बॅटरी जळते, बेस वाजो न वाजो. खोक्याबरोबर आलेली बॅटरी आधीच कित्येक महिने पडून असते ते वेगळंच. मोजून बघा. नवी ९ च्या वर दाखवते. ७ च्या खाली गेली की जोरात छेडल्यावर आवाज फाटायला लागतो, तुमच्याकडे नेमकं तेच होतंय.

डेपोतला बेस (चिपळूण)

दादा, तुमचे उपकार कसे फेडू. काल हॉलमध्ये मीटर घेऊन गेलो. तार आणि माइकच्या जाळीमध्ये ९४ व्होल्ट. मी दोनदा काडी लावून बघितली, वाटलं मीटर चुकतोय. हॉलच्या वायरमनला बोलावून बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकाच्या मागे काही नव्हतं, नुसता पितळी तुकडा. वायर भिंतीतच कापून ठेवलेली. आमची गायिका त्याच बोर्डाजवळ उभी राहते. तिला दाखवलं तर म्हणाली, मला पण लागायचं, पण मला वाटलं माइकचंच असेल. म्हणजे आम्ही सगळे इतके महिने ते सहन करत होतो आणि कुणी कुणाला बोललं नाही.

हॉलची प्रॅक्टिस बंद केलीय, वायर घातल्याशिवाय जाणार नाही.

बॅटरी ६.१ निघाली. केबल मी रोज रात्री खोचलेलीच ठेवायचो. नवी घातल्यावर आवाज मोकळा झाला.

आता राहिली ती दोन: सातव्या पडद्याची झरझर आणि ई तारेची खडखड. या दोन्ही एकाच कारणाने असतील का?

पहिलं वर्ष (कल्याण)

माझ्या बेसलाही झरझर होती. घोडीवरचे स्क्रू फिरवून तारा वर उचलल्या, गेली. दोन मिनिटांचं काम आहे, एवढं कशाला बघायचं?

मिरजेची जवारी

कल्याणकर, तारा उचलल्या की झरझर झाकली जाते, कारण तिथेच राहतं. आणि मग बोटांना ताकद जास्त लावावी लागते, वरच्या पडद्यांवर सूर चढा लागतो. नव्या वाद्याला असं करून सोडू नये. राग मानू नका, तुमच्या भल्यासाठी सांगतोय.

चिपळूणकर, आमच्या घरात तंबोऱ्याची जवारी काढायचं काम चालतं. मी लहानपणापासून तेच बघत आलो आणि आता गेली काही वर्षं गिटार, बेसही दुरुस्त करतो. तंबोऱ्यात तार घोडीवर घासून झंकारली पाहिजे, म्हणून आम्ही घोडीचा माथा तासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि कान लावून बसतो, नेमक्या जागी झंकार उघडेपर्यंत. बेसमध्ये तोच आवाज नको असतो. पण कान तोच लागतो: आवाज येतोय, तर तो कुठून येतोय? एकाच जागेवरून की सगळीकडून?

तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. ई तारेची खडखड खालच्या सगळ्या पडद्यांवर आहे, म्हणजे ती दांडीची, ज्या लांब लाकडावर पडदे बसवलेत त्याची. जी तारेची एकाच जागी आहे, म्हणजे ती पडद्याची.

आधी दांडी. बेसची मोकळी ई तार सेकंदाला फक्त ४१ वेळा हलते, आणि १९५१ च्या फेंडर प्रिसिजन बेसपासून बहुतेक बेसची तार घोडीपर्यंत ३४ इंच लांब. इतकी लांब, जाड आणि सैल तार मधोमध बरीच रुंद झुलते. तिला झुलायला जागा मिळावी म्हणून दांडीला किंचित पोकळ बाक ठेवतात. दांडी अगदी सरळ किंवा उलटी वाकली की खालच्या पडद्यांवर तार आपटणारच. लाकूड कोरड्या हवेत घडवलेलं, ते तुमच्याकडे कोकणच्या पावसात आलं, ते हलणार. यात कंपनीचा दोष नाही आणि तुमचाही नाही. दर हंगामात थोडं बघावं लागतं.

मोजायचं कसं: सूर लावून ठेवा. ई तार पहिल्या पडद्यावर एका बोटाने दाबा, आणि दांडी जिथे बॉडीला मिळते तिथल्या पडद्यावर दुसऱ्या हाताने. आता तार म्हणजे ताणलेली पट्टी झाली. सातव्या-आठव्या पडद्याच्या माथ्यावर आणि तारेत किती फट आहे ती बघायची. लोक व्हिजिटिंग कार्ड घालून बघतात. तुम्ही मेकॅनिक आहात, तुमच्याकडे टॅपेट सेट करायचं फिलर गेज, ठरावीक जाडीच्या पात्यांचं, असणार. त्याच्यासारखं उत्तम काही नाही. ०.३० मिमीच्या आसपास फट हवी.

फट नसेल तर ट्रस रॉड, म्हणजे दांडीच्या आतली बाक कमी-जास्त करणारी सळी, सैल करायचा, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेला. एका वेळी पाव फेरी, त्याहून जास्त नाही. परत सूर लावा आणि रात्रभर तसंच ठेवा, लाकडाला बसायला वेळ लागतो. ॲलन की खोक्यात आलेलीच वापरा. इंचाच्या नटात मिलिमीटरची की घातली की कोपरे गोल होतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. अडलं तर जोर लावू नका.

आता सातवा पडदा. सातवा दाबल्यावर तार पुढच्या पडद्याला लागते, म्हणजे संशय आठव्यावर. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असतो, सुरात नसला की आम्ही सरकवतो. तुमचा पडदा खाचेत ठोकलेला आहे. त्याचं टोक खाचेतून उचललं गेलं असेल तर सातवा दाबल्यावर तार त्याला अडते. जी तारेला जास्त, डी तारेला थोडं, ई-ए ला नाही, असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून जी तारेच्या बाजूचं टोकच वर आलंय असं मला वाटतं. तपासा: छोटी स्टील पट्टी सातव्या, आठव्या, नवव्यावर उभ्या कडेने ठेवा. झोका खाल्ला की मधला उंच. मग लाकडाच्या काडीने आठव्याचं टोक घट्ट दाबून धरा, आणि कुणाला तरी सातवा वाजवायला लावा. झरझर थांबली तर पडदा सुटलेला आहे.

आणि तिथे थांबा. त्याला डिंक लावू नका, ठोकू नका, कानस तर मुळीच नको. माझ्या हाताने हे काम मी १५ मिनिटांत करीन, पण ते मी करणं योग्य नाही. नव्या वाद्याचा पडदा सुटून येणं हा घडवणाऱ्याचा दोष आहे, तो त्यांनीच निस्तरायचा. एकदा कानस लागली की ते म्हणतील तुम्हीच खराब केला.

दांडी झाल्यावर तारांची उंची. बाराव्या पडद्यावर जी तारेखाली साधारण २ मिमी, ई तारेखाली अडीच. सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे दाबलेला सूर खरा लागतो का ते: बाराव्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि बारावा दाबून आलेला सूर एकच हवा. दाबलेला चढा असेल तर घोडीवरचा तो तुकडा मागे घ्या, उतरला असेल तर पुढे. हा क्रम मोडू नका. दांडी हलली की पुढचं सगळं परत करावं लागतं.

ठाण्याची ग्राहक

दादा, मी वाद्यातली नाही. मुलाच्या कीबोर्डसाठी विक्रेत्याशी चार महिने पत्रव्यवहार केला, म्हणून लिहितेय.

'झरझर होते' असं लिहू नका, त्यावर 'सेटअप' म्हणून हात झटकतात. वर मिरजेच्या काकांनी सांगितलंय तसं लिहा: आठवा पडदा खाचेतून उचललेला आहे, हा उत्पादनातला दोष आहे. फोटो आणि आवाजासह व्हिडिओ जोडा, बिल जोडा. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी ईमेलने 'आपलं असं बोलणं झालं' म्हणून पाठवा. वॉरंटीतल्या दोषाचा कुरिअर खर्च तुमच्यावर का, हे वॉरंटीच्या कोणत्या अटीत आहे ते दाखवा, असं विचारा.

नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुंबईला खेटे घालायची गरज नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. बहुतेक तिथपर्यंत जावं लागत नाही. माझं तर १९१५ ला तक्रार नोंदवल्यावर मिटलं.

डेपोतला बेस (चिपळूण)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं, उशिराबद्दल माफ करा. आषाढीच्या जादा गाड्यांत डेपोतून बाहेर पडायला मिळालं नाही.

मिरजेचे काका, तुमचं शब्द न् शब्द खरं निघालं. फिलर गेज घातलं तर ई तारेखाली ०.०५ ची पाती कशीबशी जात होती. पाव फेरी सैल केली, सकाळी ०.१५. परत पाव फेरी, तिसऱ्या दिवशी ०.३०. खडखड गेली. इतकी वर्षं ज्या पात्यांनी इंजिनाचे टॅपेट लावले, त्या धुऊन पुसून तारेखाली घालताना हात थरथरत होता माझा.

आठवा पडदा मुलीने काडीने दाबून धरला, मी सातवा वाजवला. स्वच्छ सूर. तिने काडी सोडली, झरझर. परत दाबली, स्वच्छ. पाच-सहा वेळा केलं आम्ही ते. मग भिंग लावून बघितलं तर जी तारेच्या बाजूला पडद्याच्या टोकाखाली काळी रेघ दिसली, आणि त्या रेघेत ०.२० ची पाती सरळ आत गेली. पाती अडकवून तसाच फोटो काढला.

ताई, तुम्ही सांगितलं तसंच पत्र लिहिलं, शब्द अगदी तेच. दोन दिवस उत्तर नाही. १९१५ ला तक्रार नोंदवली, क्रमांक ईमेलमध्ये टाकला. चौथ्या दिवशी फोन आला की कुरिअर आम्ही पाठवतो. बेस गेला, १२ दिवसांनी परत आला. खोका उघडल्या उघडल्या आधी पाती घातली. कुठेच शिरली नाही. मग जी तारेवर सातवा दाबला. एवढ्यासाठी इतके दिवस वाट बघितली होती, तो सूर मी नुसता धरून बसलो.

प्रवासात दांडी परत थोडी सरळ झालीय, ०.२० दाखवतेय. काका, लगेच फिरवू की पाऊस ओसरेपर्यंत थांबू? खडखड सध्या नाही.

हॉलमध्ये नवी अर्थची वायर आली. तार ते माइक, मीटरवर ०.३ व्होल्ट. आमच्या गायिकेने मीटर स्वतः हातात घेऊन बघितला.

मिरजेची जवारी

खडखड नाही ना? मग हात लावू नका. प्रवासातून आल्यावर लाकडाला आठवडाभर घरची हवा घेऊ द्या, मग मोजा. आकड्यापेक्षा कान मोठा. गणपतीच्या आठ दिवस आधी परत एकदा मोजा आणि तारा नव्या घालणार असाल तर त्याच्या आधी नाही, नंतर दांडी लावा. बेस बाजूला ठेवताना केबल काढताय ना?

डेपोतला बेस (चिपळूण)

ते काम मुलीने घेतलंय, काका. मी तारा पुसेपर्यंत ती केबल काढून गुंडाळून खुंटीला अडकवते. मला हात लावू देत नाही.